वैशाखवणव्यांत रानाचें ध्वनिमुद्रण

नभोवाणीचें यंत्र लावून घरबसल्या रानांतील पांखरांचे आवाज ऐकणें ही आतां कोणालाहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोकिळाची तान, मोराची केका, बेडकांचा घोष हीं सर्व आपल्या माजघरांत येऊन पोंचतात. परंतु पंधरा मिनिटांच्या अशा एका कार्यक्रमामागें किती तासांचें जागरण, किती पायपीट आणि केवढा संयम असतो, याची कल्पना ऐकणारास क्वचितच असते. त्यांतून तो कार्यक्रम वैशाखांतील उष्णतेच्या लाटेंत तयार करावयाचा असला, तर त्या कामास निराळेंच स्वरूप येतें. असा एक दिवस पहांटेपासून रात्रीपर्यंत कसा जातो, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस समजावून सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम 'उष्णतेची लाट' म्हणजे काय तें पाहूं. ऊन जरा कडक लागलें कीं आपण सहज हा शब्द वापरतों. परंतु आपल्या देशाच्या हवामानखात्यानें त्याची मर्यादा नेमकी घालून दिली आहे. सपाट प्रदेशांत दिवसाचें कमाल तपमान निदान ४० अंश सेल्सियस असून तें त्या काळच्या सरासरीहून निदान ४.५ अंशांनीं अधिक झालें, म्हणजे ती लाट होय. हा फरक ६.४ अंशांच्याहि पुढें गेला तर ती तीव्र लाट समजावी. पारा ४५ अंशांस पोंचला, तर मग सरासरी न पाहतांच लाट मानतात, आणि ४७ अंशांस पोंचला तर तीव्र लाट. राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश तपमान नोंदलें गेलें. थंड हवेचा देश म्हणून ज्याची ख्याति, त्या इंग्लंडांतहि १९ जुलै २०२२ रोजीं कोनिंग्सबी या गांवीं पारा ४०.३ अंशांवर गेला. तेव्हां ही आपत्ति आतां केवळ उष्ण देशांची राहिलेली नाहीं.

पांखरांच्या आवाजाचें मुद्रण करण्याची कला फार जुनी नव्हे. इ. स. १८८९ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं लुडविग कोख नांवाच्या आठ वर्षांच्या मुलानें एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, पिंजऱ्यांतील एका शामा पक्ष्याचें गाणें उतरून घेतलें. पांखराच्या गाण्याचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें मुद्रण तेंच समजतात. शामा हा आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि राहणारा पक्षी. तेव्हां या कलेचा पहिला गायक आपल्या ओळखीचा निघाला, हें ऐकून कोणास कौतुक वाटणार नाहीं? हाच कोख पुढें १९३६ सालीं इंग्लंडांत गेला आणि तेथील नभोवाणीवरून पांखरांचे आवाज घरोघर पोंचविणारा म्हणून नांवाजला.

त्याच्याहि पूर्वीं, १९ मे १९२४ रोजीं, इंग्लंडांतील सरे परगण्यांत एका बागेंत बीट्रिस हॅरिसन या विदुषींनीं चेलो नांवाचें तंतुवाद्य वाजविलें, आणि त्याच्या साथीनें गाणारा नाइटिंगेल पक्षी बीबीसीनें श्रोत्यांस थेट ऐकविला. हें प्रक्षेपण फार गाजलें. मात्र २०२२ सालीं अशी शंका जाहीरपणें व्यक्त झाली कीं, त्या रात्रीं ऐकूं आलेला आवाज पक्ष्याचा नसून पक्ष्यांची नक्कल करणाऱ्या कोणा कलावंताचा असावा. ही शंका सर्वांस मान्य नाहीं. पण ती निघाली, यावरूनच एक गोष्ट ध्यानांत येण्यासारखी आहे. नभोवाणीवर ऐकणारास डोळ्यांनीं कांहींच दिसत नाहीं. सांगणाराच्या शब्दावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास हेंच या सर्व उद्योगाचें भांडवल होय. आपल्या देशांत डॉ. सालिम अली यांनीं १९४१ पासून १९८५ पर्यंत नभोवाणीवर पक्ष्यांविषयीं वेळोवेळीं भाषणें केलीं, आणि त्यांचा संग्रह २०२१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. तीं भाषणें लोकांच्या मनांत उतरलीं, त्याचें मर्म हेंच कीं, बोलणारा स्वतः पाहिलेलेंच सांगतो अशी श्रोत्यांची खात्री होती.

आतां आपण विदर्भांत येऊं. येथील उन्हाळा सर्वश्रुत आहे, आणि चंद्रपूर, नागपूर या बाजूचीं रानें पांखरांनीं समृद्ध आहेत. मे महिन्यांतील एका लाटेच्या दिवशीं तिघे जण अशा रानांत कामास निघाले आहेत, असें समजा. एक ध्वनिमुद्रक, दुसरा निवेदक आणि तिसरा त्याच भागांतला वाटाड्या. वनखात्याची परवानगी आधींच घेतलेली असते. सामान आदल्या रात्रीं नीट पाहून बांधावयाचें: ज्याला आपण माइक म्हणतों तो ध्वनिग्राहक, मुद्रण करणारें लहानसें यंत्र, कानाला लावावयाचे श्रवणगोल, विजेऱ्या, आणि सर्वांत जड ओझें म्हणजे पाणी. अंगांत सुती कपडे हवेत. सुती कपडे उन्हांत बरे वाटतात हें एक, आणि त्यांची सळसळ होत नाहीं हें दुसरें. कृत्रिम धाग्याच्या कापडाची प्रत्येक हालचाल ध्वनिग्राहक तत्काळ टिपतो.

दिवसाचें खरें काम पहांटे साडेचारच्या सुमारास सुरू होतें. पहांटेचीच वेळ कां, असें कोणी विचारील. पक्षी त्या वेळीं अधिक गातात हें एक कारण आहेच. परंतु दुसरें कारण पदार्थविज्ञानाचें आहे. ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेबरोबर वाढतो. शून्य अंशावर तो सेकंदास सुमारें ३३१ मीटर असतो, तर ४५ अंशांवर सुमारें ३५८ मीटर होतो. रात्रभर जमीन निवत जाते व पहांटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षां गार असते. अशा वेळीं ध्वनीच्या लहरी वर चढतां चढतां पुनः खालीं वांकतात, म्हणून दूरचा आवाजहि स्पष्ट ऐकूं येतो. दुपारीं नेमकें याच्या उलट घडतें. तापलेल्या जमिनीलगतची हवा अधिक उष्ण असल्यामुळें लहरी वर वांकून आकाशाकडे निघून जातात आणि थोड्या अंतरावरचा आवाजहि आपल्यापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय पहांटे वारा बहुधा पडलेला असतो. तेव्हां या कामांत पहांटेचा एक तास दुपारच्या चार तासांच्या तोडीचा असतो.

झुंजुमुंजु होण्यापूर्वीं रातव्याचा ठोक्याठोक्याचा आवाज मिळतो. मग दयाळाची शीळ सुरू होते, मोर ओरडतात, होले घुमूं लागतात, सातभाईंचा कलकलाट होतो. मेच्या अखेरीस नवरंग पक्षी रानांत आलेला असला, तर त्याची दोन सुरांची शीळही सांपडते. दूरच्या एकाच पांखराचा आवाज पकडावयाचा असल्यास ध्वनिग्राहक एका अन्वस्ताकृति तबकडीच्या मध्यभागीं बसवितात. आरशावर जसे प्रकाशकिरण एकत्र येतात, तसा या तबकडीवर ध्वनि एका बिंदूशीं गोळा होतो. मात्र तबकडी चकचकीत असली तर सूर्योदयानंतर ती सूर्याच्या रोखानें धरतां येत नाहीं. कारण त्याच बिंदूशीं ऊनहि गोळा होऊन ध्वनिग्राहकास भाजून काढील!

याच वेळीं रानांत माणसांचेहि आवाज असतात. मे महिना हा तेंदूपत्त्याचा हंगाम. उन्हाच्या आधीं पानें तोडून घरीं परतावें म्हणून बायामाणसें अंधारांतच रानांत शिरलेलीं असतात. त्यांच्या हांका मुद्रणांत आल्या, तर नवशिका मनुष्य कपाळास आठ्या घालतो. जाणता मुद्रक त्या ठेवतो. कारण उष्णतेच्या लाटेंत रानांत कोण कोण राबत असतें, हेंहि श्रोत्यांस कळणें अवश्य आहे.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं मुद्रक स्वतःच्या आवाजांत स्थळ, तारीख, वेळ, तपमान व वारा यांची नोंद करतो. शेवटीं तो सर्वांस स्तब्ध उभें राहावयास सांगून एकदोन मिनिटें त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. हें ऐकून हंसूं येईल; शांततेचें काय मुद्रण करावयाचें? परंतु प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. बांबूच्या बेटाची एक, नदीच्या कोरड्या पात्राची दुसरी, बंद खोलीची तिसरी. पुढें तुकडे जोडतांना त्याच जागेची शांतता मध्यें घातली नाहीं, तर सांधा कानाला खुपतो.

नऊ वाजतां ऊन चढतें, आणि दहाच्या पुढें रान हळूहळू मुकें होत जातें. पक्ष्यांस घाम येत नाहीं. उष्णता बाहेर टाकण्यासाठीं तीं चोंच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून दूर धरतात. कांहीं जाती गळ्याची कातडी भराभर थरथरवितात. या प्रत्येक क्रियेंत अंगांतलें पाणी खर्ची पडतें. अशा वेळीं गाणें म्हणजे उधळपट्टीच. म्हणून बहुतेक पक्षी गर्द सांवलींत निपचित बसून राहतात. एखादा तांबट मात्र भर उन्हांत आपली टुक्-टुक् चालूं ठेवतो.

आणि याच वेळीं मुद्रकाच्या मनाची खरी परीक्षा होते. कार्यक्रमासाठीं दुपारचे आवाज तर हवेत, आणि रान गप्प! आवाज मिळविण्याचे दोन सोपे मार्ग त्याच्यापुढें असतात. पहिला असा कीं, त्या पक्ष्याचेंच आधीं मुद्रित केलेलें गाणें यंत्रावर मोठ्यानें वाजवावयाचें. आपल्या हद्दींत कोणी प्रतिस्पर्धी घुसला असें समजून पक्षी सांवली सोडून येतो व ओरडूं लागतो. दुसरा मार्ग टिटवीचा. ती उघड्या माळावर खड्यांच्या खळग्यांत बहुधा चार अंडीं घालते. भर उन्हांत ती अंड्यांवर उभी राहून त्यांवर आपली सांवली धरते, आणि पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून आणून त्या ओलाव्यानें अंडीं निववते. तिच्या दिशेनें नुसतीं दहावीस पावलें टाकलीं कीं ती उठते व 'टिटिव्-टिटिव्' असा आकांत मांडते. मुद्रण उत्तम होतें, आवाज स्वच्छ मिळतो, आणि तिकडे अंडीं तापलेल्या जमिनीवर उघडीं पडतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत तीं थोडा वेळ उघडीं राहिलीं, तरी आंतील जीव मरूं शकतो. श्रोत्यांस यांतील कांहींएक दिसत नाहीं. त्यांना ऐकूं येतें तें एक खणखणीत ओरडणें, आणि तें ऐकून ते संतुष्टहि होतील! म्हणूनच येथें दुसऱ्या कोणाचा पहारा उपयोगी नाहीं; मुद्रकाचें मनच पहारेकरी असावें लागतें. उन्हाच्या लाटेंत व विणीच्या काळांत हे दोन्ही मार्ग वर्ज्य, असाच नियम चांगला मुद्रक पाळतो.

पाणवठ्याची गोष्टहि तशीच. उन्हाळ्यांत रानांतील सर्व जीव मोजक्या पाणवठ्यांवर येतात. म्हणूनच महाराष्ट्रांतील रानांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांवर बसून वन्य प्राण्यांची मोजदाद करण्याची पद्धत पडली. ध्वनिमुद्रणासहि ही जागा मोठी सोयीची. परंतु माणसें जवळ बसून राहिलीं, तर तहानलेला जीव दूर उभा राहतो आणि त्याचें पाणी चुकतें. म्हणून पहांटेच्या अंधारांत ध्वनिग्राहक झाडास बांधून, यंत्र चालूं ठेवून, माणसांनीं तेथून दूर निघून जावें व तिन्हीसांजेच्या सुमारास तें परत आणावें, हा उत्तम मार्ग.

दुपारीं बारा ते तीनपर्यंत माणसांनींहि उन्हांत काम करूं नये. कानांवर श्रवणगोल चढविले कीं मुद्रक आपलें सारें लक्ष कानांत गोळा करतो आणि स्वतःच्या शरीराकडे त्याचें दुर्लक्ष होतें. डोकें दुखणें, मळमळणें, बोलणें असंबद्ध होणें हीं उष्माघाताचीं चिन्हें बहुधा जवळच्या मनुष्यासच आधीं दिसतात. यासाठीं अशा दिवशीं एकट्यानें रानांत जावयाचें नाहीं आणि तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी पीत राहावयाचें. यंत्रांसहि ऊन बाधतें. दारें लावून उन्हांत ठेवलेल्या मोटारीचा आंतील भाग बाहेरच्यापेक्षां कितीतरी अधिक तापतो आणि विजेऱ्या निकामी होऊं शकतात. तीं सांवलींत, पांढऱ्या कापडांत गुंडाळून ठेवावीं लागतात.

या सक्तीच्या विश्रांतींत निवेदकाचें काम उरकतात. गांवांतील एखाद्या खोलींत भिंतींवरून आवाज घुमूं नये म्हणून गोधड्या टांगतात. दारें-खिडक्या बंद करतात. आणि पंखाहि थांबवितात, कारण त्याची घरघर मुद्रणांत येते. बाहेर पंचेचाळीस अंश, आंत वारा नाहीं, आणि अशा कोंडवाड्यांत निवेदकानें प्रसन्न, शांत स्वरांत बोलावयाचें! घसा कोरडा पडला म्हणजे जीभ टाळूला चिकटून बारीक टकटक आवाज होतो, तोहि ध्वनिग्राहक सोडीत नाहीं. म्हणून साधें माठांतलें पाणी जवळ ठेवून पांच-पांच मिनिटांचेच तुकडे मुद्रित करतात, आणि मध्यंतरीं दार उघडून पंखा लावतात. नभोवाणीवरील जो आवाज आपल्याला इतका सहज वाटतो, त्याच्या मागें असा घाम गळलेला असतो.

ऊन उतरल्यावर पुनः कामास आरंभ होतो. उष्ण वाऱ्याच्या झोतानें ध्वनिग्राहकांत धबधब्यासारखी खरखर होते, म्हणून त्यावर लांब केंसांचें लवदार आवरण चढवितात. सूर्य बुडाला कीं पाणवठ्याच्या बाजूला कीटकांचा आवाज वाढूं लागतो. रातकिडे हे तर निसर्गाचे उष्णतामापकच होत. कीटकांच्या अंगाची उष्णता हवेप्रमाणें बदलते व त्याबरोबर त्यांच्या किरकिरीचा वेगहि बदलतो. डॉल्बेअर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं याचें सूत्रच बसविलें. तेथील एका जातीच्या रातकिड्याची १५ सेकंदांतील किरकिर मोजून तींत ४० मिळविले, म्हणजे फॅरनहाइट अंशांत हवेचें तपमान अदमासें निघतें. प्रत्येक जातीस तेंच सूत्र लागूं पडेल असें नाहीं; तरीपण उष्णता ही ऐकूंहि येऊं शकते, ही कल्पना किती मौजेची आहे!

रात्रीं जेवणें झाल्यावर दिवसभराचें मुद्रण ऐकून निवड करावयाची. आठ-दहा तासांच्या मुद्रणांतून पंधरा मिनिटें काढणें हें सोपें काम नव्हे. आणि येथें पुनः एक मोह आड येतो. दुपारचें वर्णन चाललें असतां मागें नुसती शांतता ठेवावी, तर ऐकणारास आपलें यंत्रच बिघडलें असें वाटेल. पहांटेच्या दयाळाची शीळ तेथें हळूच जोडली तर? कोणास कळणार आहे? कार्यक्रम तर अधिक गोड होईल. परंतु ज्या विश्वासाचा आम्ही वर उल्लेख केला, त्याला येथेंच तडा जातो. दयाळ दुपारीं दोन वाजतां गात होता असें खोटें सांगितलें, तर लाटेनें रानाचें काय केलें हीच मुख्य गोष्ट श्रोत्यांपासून लपून राहते. त्यापेक्षां निवेदकानें सरळ सांगावें: "दुपारचे दोन वाजले आहेत. पहांटे ज्या झाडावरून आपण दयाळ ऐकला, त्याच झाडाखालीं आम्ही उभे आहों. आतां ऐका." मग त्या शांततेंत गळणारें एखादें वाळकें पान आणि दूरचा तांबट यांचा अर्थ श्रोत्यांस आपोआप कळतो.

अशा प्रामाणिक मुद्रणाचें मोल पुढें वर्षांनुवर्षें वाढत जातें. अमेरिकेंतील बर्नी क्राउस या मुद्रकांनीं १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिंकन मेडो या ठिकाणचे आवाज टिपले. नंतर तेथील रानांत निवडक वृक्षतोड झाली. वर्षभरानें ते पुनः गेले, तों डोळ्यांना रान पूर्वींसारखेंच दिसलें. परंतु कानांना मात्र पांखरांचा मेळा विरळ झाल्याचें स्पष्ट जाणवलें. डोळ्यांनीं जें पकडलें नाहीं, तें कानांनीं पकडलें. आणि आधींचें मुद्रण खरें होतें, म्हणूनच तुलना करतां आली. आज विदर्भांतील एका दुपारच्या शांततेवर तारीख, वेळ व तपमान लिहून ठेवलें, तर पन्नास वर्षांनीं कोणी तरुण अभ्यासक तेथेंच उभा राहून ताडून पाहूं शकेल. त्या शांततेंत आपण उसनी शीळ मिसळली, तर त्या अभ्यासकासहि आपण फसविल्यासारखें होईल.

विद्यार्थिमित्रहो, ध्वनिमुद्रण करणारें यंत्र आज पुष्कळांच्या घरीं, किंबहुना खिशांतच असतें. या उन्हाळ्याच्या सुटींत अंगणांतील एखाद्या झाडाखालीं पहांटे पांच मिनिटें आणि दुपारीं पांच मिनिटें त्याचा उपयोग करून पहा. आरंभीं तारीख, वेळ आणि तपमान स्पष्ट बोला, मग स्तब्ध बसा. पांखरांस बोलावूं नका, त्यांच्या घरट्यापाशीं जाऊं नका; सांवलींत पाण्याची एक परळ भरून ठेवा आणि दूर व्हा. जें ऐकूं येईल तें जसेंच्या तसें ठेवा. दुपारचीं तीं पांच मिनिटें कदाचित् अगदींच मुकीं निघतील. तीं पुसून टाकूं नका. त्या दिवशीं ऊन किती होतें, याची साक्ष तींच देतील.